वीस टक्क्यांवर झोपलेला फोन

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की सप्तपदी चालतानासुद्धा मी फोनची बॅटरी किती उरली ते बघत होते. हे साफ खोटं आहे. फोन तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीकडे होता आणि मी तिला फक्त भुवया उडवून विचारलं होतं. तिने चार बोटं दाखवली, म्हणजे चाळीस टक्के. मग मी निश्चिंत मनाने उरलेली पावलं टाकली.

काल्हेरच्या एका गोदामात मी ऑफिसचं काम बघते. खोक्यांवरचे शिक्के वाचणारे स्कॅनर आमच्याकडे दिवसभर चालतात आणि त्यांच्या बॅटऱ्या सांभाळणं माझ्याकडे आहे. तीच खोड पुढे फोनच्या बाबतीतही लागली. शिवाय भिवंडीत वाढलेलं माणूस वीज आहे म्हणून कधी निर्धास्त राहत नाही. हळूहळू गोदामात माझं नाव झालं. ‘‘मॅडम, दोपहर तक भी नहीं चलता,’’ म्हणत ड्रायव्हर यायचे, हमाल यायचे, एकदा तर मोठे साहेबही दाराशी घुटमळून गेले आणि शेवटी फोन पुढे करून उभे राहिले.

माझी पद्धत ठरलेली. त्यांनी हौसेने टाकलेलं बॅटरी वाचवायचं ॲप मी आधी काढून टाकते. एका टिचकीत इतकी ॲप्स बंद केली, फोन इतका थंड केला, असं सांगत ते ॲप दिवसभर जाहिराती दाखवतं आणि स्वतःच बॅटरी खात बसतं. मग सेटिंगमध्ये जाऊन कोण किती खातंय ते बघायचं. महिन्यातून एकदा लागणारी ॲप्स गाढ झोपेच्या यादीत टाकायची. स्क्रीनचा उजेड कमी, पार्श्वभूमी काळी, लोकेशन बंद. आणि दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स बोटाने वर ढकलून बंद करायची सवय असेल तर ती मोडायची, कारण पुन्हा पुन्हा उघडण्यातच जास्त बॅटरी जाते. हे शेवटचं कुणालाच पटत नाही. मग माझा आवाज चढतो आणि लोक निमूटपणे हो म्हणतात.

ही सगळी विद्या खरी पणाला लागली ती बाबांच्या फोनवर.

बाबा तीस वर्षं एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मेहता होते. मेहता म्हणजे कामगारांची हजेरी घेणारा, तयार झालेले तागे तपासणारा, शिफ्ट लावणारा माणूस. खुर्ची-टेबल असलं तरी ते टेबल लूमच्या ओळीतच होतं, त्यामुळे कान गेले ते गेलेच. त्या आवाजात कुणी ओरडून बोलत नाही, कारण ओरडून उपयोगच नसतो. चेहरा समोरच्याकडे करायचा, ओठ मोठे हलवायचे, सोबत हाताची खूण करायची, की पलीकडच्या टोकाच्या माणसालाही कळतं. बाबा त्या बोलण्यात पटाईत होते. पण घरी आम्ही तसं कुठे बोलतो? आम्ही पाठमोरे बोलतो, तोंडात घास असताना बोलतो, आई तर बोलताना पदराचं टोक ओठांशी धरते. रिटायर झाल्यावर वर्ष-दोन वर्षांतच बाबा घरात परके झाले. कानाचं मशीन आणलं, पण त्यातून त्यांना नुसती खरखर ऐकू यायची. कुणाच्या बारशाला, कुणाच्या पूजेला गेले की कोपऱ्यातली खुर्ची धरायचे आणि सगळे हसले की दोन क्षण उशिराने हसायचे. ते उशिराचं हसणं मला बघवायचं नाही.

मग माझ्या बहिणीने ते ॲप शोधून काढलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तिथे कुणीतरी तिला दाखवलं होतं. समोरचा बोलतो ते मराठीत, अक्षरांत, स्क्रीनवर उमटतं. तिने बाबांच्या फोनवर ते चालू केलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘‘यांना काही सांगून उपयोग आहे का?’’ आणि ते अक्षर न् अक्षर बाबांच्या हातात उमटलं. बाबांनी मान वर करून आईकडे बघितलं.

‘‘हे तू कधीपासून म्हणतेयस?’’

‘‘लग्न झाल्यापासून,’’ आई म्हणाली. तेही उमटलं. आम्ही चौघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि या वेळी बाबा आमच्याबरोबरच हसले.

पण हे ॲप म्हणजे बॅटरीला लागलेलं भोक. माइक सतत चालू, स्क्रीन सतत चालू, इंटरनेट सतत चालू. बाबांचा फोन जुना; दोन तासांत मान टाकायचा. नवा घ्यायला ते तयार नव्हते. ‘‘चालू आहे की हा,’’ एवढंच म्हणायचे. मग मी टेमघरच्या माझ्या घरून रोज संध्याकाळी धामणकर नाक्याजवळच्या चाळीतल्या त्यांच्या घरी जाऊन त्या फोनची शिकवणी घेतली. फोटो पाठवणारं, बातम्या दाखवणारं, पावलं मोजणारं, सगळ्यांना झोपवलं. फोन दोन तासांवरून जवळजवळ पाच तासांवर आणला. शेवटी एक सेटिंग लावली, जिच्यावर मी स्वतःच खूश होते. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की फोन आपोआप कडक बचतीत जाणार. त्यात फक्त फोन आणि मेसेज चालतात, बाकी सगळं झोपतं. बाबा एकटे नाक्यावर भाजी आणायला जातात, रिक्षांच्या गर्दीत कुठे अडकले तर निदान मेसेज करता यावा, हा माझा विचार. ती सेटिंग लावली आणि विसरून गेले.

त्याच सुमारास बहिणीच्या लग्नाचं जमत आलं. मुलगा वाड्याकडचा, ठाण्यात एका ऑफिसात नोकरीला. दोघं दोनदा भेटली होती आणि बहीण घरी आल्यावर उगाचच भांडी घासायला लागली होती, यावरून आम्ही काय ते ओळखलं. तिची अट एकच होती, लॅबमधली नोकरी सोडणार नाही. बाकी हॉल कुठला, जेवणात काय, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. बोलणी करायला मुलाकडचे रविवारी येणार असं ठरलं.

शनिवारी मामा आला. आईचा धाकटा भाऊ, घरातल्या प्रत्येक कार्यात पुढे. चहा पिता पिता तो आईला म्हणाला, ‘‘भाऊजींनी नुसतं बसावं. बोलणी मी करतो. उगाच त्यांना ऐकायला नाही आलं, काहीतरी भलतंच हो म्हणून बसले, तर नंतर निस्तरायला कोण?’’

बाबा फोन मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण उत्तर यायला वेळ लागला.

‘‘मुलगी माझी आहे,’’ ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, सरळ आवाज. ‘‘तिच्या नोकरीचं मी विचारणार. उत्तर मी घेणार.’’

‘‘आणि हे मशीन ऐन वेळी बंद पडलं तर?’’ मामाने मला विचारलं, बाबांना नाही.

मला असा राग आला म्हणता. ‘‘बंद पडणार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘माझी गॅरंटी.’’

रविवारी सकाळी बाबा पाचला उठले. आईला समोर बसवून त्यांनी बोलण्यांची रंगीत तालीम सुरू केली. आई मुलाची आई झाली, मग मुलाचा काका झाली, मग पुन्हा आई. बाबांनी प्रत्येक प्रश्न विचारून बघितला, प्रत्येक उत्तर स्क्रीनवर वाचून बघितलं. मी नऊ वाजता पोचले तेव्हा फोन चाळीस टक्क्यांवर होता. मी तो चार्जिंगला लावला आणि मिनिटभरात वीज गेली. खिडकीमागचा लूमचा कारखाना एकदम गप्प झाला. माझी पॉवर बँक टेमघरला राहिली होती. मुलाकडचे अकराला यायचे होते, म्हणून मी फोन बंद करून ठेवला आणि कुणालाही काही बोलले नाही. चाळीस टक्के म्हणजे माझ्या हिशेबाने दोन तास सहज. बोलण्यांना एक तास पुरतो.

पाहुणे तिघंच होते. मुलगा, त्याची आई आणि काका. मुलाला वडील नाहीत, त्यामुळे सगळं बघणारा काकाच. गावाकडचा रांगडा, मोकळा माणूस, आल्याबरोबर, ‘‘तुमचा जिना मोठा कडक हाय हो,’’ म्हणाला आणि मला आवडलाही. बाबांनी फोन समोरच्या टीपॉयवर ठेवला आणि स्वतःच सांगितलं, ‘‘मला ऐकू येत नाही. तुम्ही बोलाल ते मी यात वाचतो. जरा सावकाश बोला.’’ मामाने खाली बघितलं. मी बाबांकडे बघत होते. या वाक्याची तालीम त्यांनी केलेली नव्हती.

पहिला पाऊण तास सुरेख गेला. तारखा, हॉल, मानपान. बाबा विचारत होते, वाचत होते, मान हलवत होते. मग त्यांनी बहिणीचा प्रश्न काढला. ‘‘लग्नानंतर ही नोकरी सोडणार नाही. तुमचं काय म्हणणं?’’

काका फोनकडे वाकून, शब्द तोडत म्हणाला, ‘‘करू दे की. आमची कायबी हरकत न्हाय.’’

स्क्रीनवर आलं, आमची काहीही हरकत नाही. बाबांचा चेहरा फुलला. ते पुढचं काही विचारणार तोच स्क्रीन काळवंडली आणि अक्षरं थांबली. कोपऱ्यात वीस टक्के दिसत होते. माझीच सेटिंग. मी झोपवायला शिकवलेला फोन अगदी वेळेवर, शहाण्या मुलासारखा झोपला होता.

मी फोन उचलून कडक बचत बंद करायला गेले तर स्क्रीनवर नुसतं चक्र गोल गोल फिरत राहिलं. मामा आईकडे झुकला. तो काय म्हणत असेल ते मला ऐकायची गरज नव्हती. पाहुणे चुळबुळ करायला लागले. बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं त्यांना फोन हवाय, म्हणून दिला. त्यांनी तो टीपॉयवर पालथा ठेवला आणि मान वर करून समोरच्या माणसांकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेल्या सहा महिन्यांत आम्ही कुणीही बाबांच्या डोळ्यांकडे बघून बोललो नव्हतो. आम्ही सगळे त्या फोनशी बोलत होतो आणि बाबाही खाली मान घालून त्यालाच बघत होते.

आणि त्याच वेळी वीज आली.

वीज येते म्हणजे आमच्याकडे पंखा नंतर फिरतो, आधी मागचे लूम सुरू होतात. खिडकीतून खटाखट आत आली आणि खोलीतलं बोलणं बुडून गेलं. आम्हाला सवय आहे, पाहुण्यांना नव्हती. मामा काहीतरी म्हणत होता ते मला, शेजारी बसून, कळलं नाही. बहीण खिडकी लावायला उठली. काका मुलाच्या आईकडे वळला. त्या आवाजात तिला ऐकू जावं म्हणून त्याने तोंड मोठं उघडून, एकेक शब्द चावून काहीतरी सांगितलं. तिने मान डोलावली. मुलगा पलीकडे पंख्याकडे बघत होता. खिडकी लागली, आवाज अर्धा झाला, आई म्हणाली, ‘‘पोहे गरम करून आणू का?’’

‘‘थांब,’’ बाबा म्हणाले.

ते काकाकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. ‘‘तुम्ही आत्ता वहिनींना म्हणालात, आता हो म्हणून टाकू, सहा महिन्यांत घरी बसवू तिला.’’

काकाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ‘‘असं मी कायच बोललो न्हाय. आन् तुम्हाला कसं ऐकू आलं? तुम्हाला तर ऐकाया येत न्हाय!’’

बाबांनी तेही त्याच्या ओठांवरून घेतलं. ‘‘नाहीच येत,’’ ते म्हणाले. ‘‘तीस वर्षं लूममध्ये ड्युटी केलीय मी. एवढ्या आवाजात माणसं काय बोलतात ते मला दिसतं.’’

मुलाने आईकडे बघितलं. ‘‘आई, काका असं म्हणाला?’’ ती माउली साडीच्या निऱ्या उगाच सारख्या करत राहिली. कानांनी धड असलेले आम्ही पाचजण त्या खोलीत बसलो होतो, आणि माझ्या बहिणीच्या जन्माचा प्रश्न असलेलं ते वाक्य फक्त माझ्या बहिऱ्या बापाने पकडलं. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं, आणि मी रडत्येय हे बघून मामाने माझ्यावर डोळे वटारले.

काका उठला होता. आता मोठा तमाशा होणार असं मला वाटलं. पण बाबा मुलाकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानाने हलक्या, ‘‘तुला मी विचारणार आहे. पण आज नाही. आज तुझ्या तोंडून घरचे बोलतील. तुझं तुला काही सांगायचं असेल तर एकटा ये.’’

पाहुणे गेले. पोहे तसेच राहिले. मामाने चांगलं स्थळ घालवल्याबद्दल आम्हाला तासभर सुनावलं, आणि त्यात त्याची चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. काळजीनेच बोलत होता. बाबा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, त्यामुळे मामाला नेहमीसारखं आईकडे वळून बोलताही येईना. शेवटी तो म्हणाला, ‘‘भाऊजी, असं नका बघू, मला सुचत नाही.’’ बहीण मात्र बाबांच्या समोर जमिनीवर बसली, चेहरा वर करून, आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी काहीतरी म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

तो आठवडा बहिणीने कसा काढला ते तिलाच ठाऊक. कामावर जायची, यायची, जेवायची. फोन जवळ ठेवायची पण उघडायची नाही. मुलगा फोनवर बरंच काही सांगू शकला असता, पण त्याने तसा प्रयत्न केला नाही. मी तोवर बाबांच्या फोनमधली ती वीस टक्क्यांची सेटिंग काढली, नवी बॅटरी बसवून आणली, पॉवर बँक त्यांच्याच घरी ठेवली. बाबांची माफी मागितली तर म्हणाले, ‘‘वेडी का तू? बरं झालं झोपला.’’

पुढच्या रविवारी मुलगा एकटा आला. न सांगता, सकाळी. बसमध्ये चुरगळलेला शर्ट. मी तिथेच होते. मी लगेच फोन आणला, शंभर टक्के भरलेला, ॲप चालू करून टीपॉयवर ठेवला. मुलगा त्याच्याकडे वाकला आणि घसा साफ करून बोलायला लागला. ‘‘मी घरी सगळ्यांना सांगितलंय...’’

बाबांनी फोन बाजूला सरकवला. खुर्ची उचलून खिडकीच्या उजेडात मांडली आणि मुलाला तीत बसवलं. स्वतः त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले. मागे लूम चालू होते. बाबांनी खिडकी लावू दिली नाही.

‘‘माझ्याकडे बघून बोल,’’ ते म्हणाले. ‘‘सावकाश.’’

मुलगा बोलला. त्या खटाखटीत मला तुटक तुटक ऐकू आलं. नोकरीचं, ठाण्यात घर भाड्याने बघितल्याचं, आईला समजावल्याचं, काका अजून बोलत नाही याचं. एका ठिकाणी तो अडखळला, पुन्हा सुरुवातीपासून बोलला. बाबांनी एकदाही पापणी हलवली नाही. मुलाचं बोलून झालं तरी ते क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.

मग बाबा वळले आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, ‘‘खरं बोलतोय.’’